ठिपक्यांचं लेणं

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ तुम्हांला माहीत आहेच. तेथे क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. १६ नंबरचे कैलास लेणे तर वरून खाली डोंगर फोडत कोरले आहे. अशा वेड्यावाकड्या दगडाचे माप कसे घ्यायचे? तिथं टेप काय कामाचा!

त्यासाठी लेसर स्कॅनर नावाचे यंत्र असते. ते तिपाईवर ठेवतात. ते प्रकाशाचा किरण सोडते. किरण दगडावर आपटून परत येतो. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून दगड किती लांब आहे ते समजते. यंत्र गोल फिरून असे लाखो ठिपके टिपते. सगळे ठिपके मिळून लेण्याचे चित्र होते.

पण खांबाच्या मागचं यंत्राला दिसत नाही. म्हणून ते उचलून दुसरीकडे ठेवावे लागते, मग तिसरीकडे. प्रत्येक जागेचे चित्र वेगळे. आता ही चित्रे जोडायची कशी? इथंच खरी मेख आहे.

जोडायला दोन्ही चित्रांत दिसणाऱ्या खुणा लागतात. किती? निदान तीन. एका खिळ्यावर टांगलेली पाटी गरगर फिरते. दोन बिजागऱ्यांवरचे दार उघडते, मिटते. पण तिसऱ्या जागी कडी लावली की दार पक्के! मात्र कडी बिजागऱ्यांच्या रेघेत नको, नाहीतर दार हलतच राहील. तसेच तिन्ही खुणा एका ओळीत नसाव्यात. खुणांसाठी काळ्यापांढऱ्या चौकटीच्या पाट्या किंवा पांढरे गोळे ठेवतात. एवढी जोडणी झाली की संगणक प्रत्येक ठिपक्याचा जवळचा जोडीदार शोधतो, चित्र थोडे सरकवतो, पुन्हा शोधतो. असे करत चित्रे नीट बसतात.

लेण्यात फसगत फार होते. १२ नंबरच्या तीन ताल लेण्यात चौकोनी खांबांच्या रांगा आहेत. सगळे सारखेच! खुणा नसतील तर संगणक तिसरा खांब चौथ्यावर नेऊन बसवील. बाहेरच्या कड्यावर गवत वाऱ्याने हलते, तिथे गवताची खूण धरू नये, दगडाची धरावी. अरुंद दारात यंत्र उंबऱ्यावरही ठेवावे, म्हणजे आतले आणि बाहेरचे दोन्ही दिसते.

प्रत्येक जोडात थोडी चूक राहते. दहा जोडांत ती वाढते. म्हणून फिरत फिरत पुन्हा पहिल्या खुणेपाशी यायचे. गणिताचा ताळा करतो ना, तसा हा मोजणीचा ताळा. फरक निघाला तर तो सर्व जोडांत वाटून देतात.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. लेण्यांच्या दगडाला भेगा असतात, पावसाचे पाणी झिरपते. काही वर्षांनी पुन्हा मोजले तर भेग वाढली की नाही ते कळेल. पण जोडणी चुकली तर धड खांब सरकलेला दिसेल, आणि खरी भेग लपून जाईल.

दुसरे असे, की नोंद नीट जपावी लागते. रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या कष्टाने नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनला आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. ठिपक्यांच्या नोंदीच्या मात्र पुष्कळ प्रती करून वेगवेगळ्या गावी ठेवता येतात. गुजरातमधील पाटणच्या राणी की वाव या विहिरीची अशी मोजणी २०११ साली झाली.

करून पाहा : अंगणात सात खडे ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी मोजून पातळ कागदांवर एकाच मापाचे नकाशे काढा. तीन खड्यांना लाल रंग द्या. कागद एकावर एक ठेवून फिरवा. लाल ठिपके जुळले आणि बाकीचे चारही आपोआप जुळले, तर तुमची मोजणी बरोबर!