हृदयरुग्णांच्या पुनर्वसनकाळातील माहितीच्या गरजा

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास शस्त्रक्रिया यांनंतर रुग्णास पुन्हा नित्याचे आयुष्य सुरू करण्यासाठी आजार, औषधे व दैनंदिन व्यवहार यांविषयी जी माहिती लागते, तिला हृदयरुग्णांच्या माहितीच्या गरजा असे म्हणतात. व्यायाम, समुपदेशन व रुग्णशिक्षण ही हृदय-पुनर्वसनाची प्रमुख अंगे असून, त्यांपैकी रुग्णशिक्षणाची आखणी या गरजांवरून केली जाते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणात निजवून ठेवीत. त्यामुळे त्याला काही समजावून सांगण्याचे फारसे कारणही नसे. १९५२ मध्ये बोस्टन येथील सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी रुग्णास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला आणि हळूहळू ही पद्धत बदलली. आज गुंतागुंत नसल्यास अँजिओप्लास्टीनंतर रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो. पूर्वी परिचारिका करीत असलेली देखरेख त्यामुळे रुग्णावर व त्याच्या कुटुंबीयांवर येऊन पडते.

गरजांचे बदलते स्वरूप

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मनात एकच प्रश्न असतो : आपण वाचलो का, आणि पुन्हा असे होईल का? घरी सोडताना त्याला पथ्य, गोळ्या, व्यायाम, पुढील तपासणी असे सारे एका दमात सांगितले जाते. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरलेला धडा उरकावा, तसा हा प्रकार होतो. घरी सोडतानाचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. खरे प्रश्न उभे राहतात ते घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. जिना चढावा का? भारतीय बैठकीचे शौचालय चालेल का? दुचाकी केव्हा चालवावी? वैद्यकीय दृष्टीने किरकोळ वाटणारे हे प्रश्न रुग्णाचा सारा दिवस व्यापून असतात.

बायपासमध्ये कापलेले छातीचे हाड जुळून येण्यास साधारणपणे ६ ते १२ आठवडे लागतात. या काळात भरलेली बादली किंवा नातवंड उचलू नये, हातांवर भार देऊन उठू नये व खोकताना छातीशी उशी धरावी, असे सांगतात. यामागील कारण कळले की रुग्ण ते पाळतो. नुसती मनाई फार दिवस टिकत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, ही खूणही अशीच सहज लक्षात राहणारी आहे.

औषधांविषयीची माहिती

अपुऱ्या माहितीची सर्वांत मोठी किंमत येथे मोजावी लागते. स्टेंट ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू असल्याने तिच्यावर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारखे दुसरे औषध एकत्र दिले जाते. झटक्यानंतर हा काळ सामान्यतः सुमारे एक वर्षाचा असतो. बरे वाटते म्हणून, किंवा दात काढावयाचा म्हणून, हृदयरोगतज्ज्ञास न विचारता या गोळ्या थांबविल्यास स्टेंट अचानक बंद पडून प्राणावर बेतू शकते. कोलेस्टेरॉलचा अहवाल चांगला आला की स्टॅटिनची गोळी सोडून देणारेही अनेक आढळतात. तो अहवाल त्या गोळीमुळेच चांगला आलेला असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. उपवासाच्या दिवशी न्याहारीबरोबर सकाळच्या गोळ्याही वगळल्या जातात. याविषयी आवर्जून विचारणे आवश्यक असते.

न विचारले जाणारे प्रश्न

लैंगिक संबंधांविषयी रुग्ण संकोचाने विचारीत नाही आणि डॉक्टरही क्वचितच सांगतात. दोन मजले चढून छातीत दुखत नसेल वा धाप लागत नसेल, तर सहसा हरकत नसते, असा ढोबळ निकष वापरतात. मात्र छातीदुखीसाठी दिली जाणारी नायट्रेट वर्गातील औषधे व सिल्डेनाफिल एकत्र घेणे धोक्याचे असते. झटक्यानंतर सुमारे पाचांपैकी एका रुग्णास नैराश्य ग्रासते. घरची मंडळी त्याला ‘स्वभाव चिडका झाला’ असे म्हणतात आणि उपचार राहून जातो.

रुग्णाला काळजी वाटू नये म्हणून नातेवाईक डॉक्टरांशी बाहेरच्या बाहेर बोलतात. हेतू चांगला असला, तरी गोळ्या घ्यावयाच्या असतात त्या रुग्णालाच. कुटुंबीयांना वेगळी माहिती लागते ती तातडीच्या प्रसंगाची : छातीत दुखू लागल्यास रुग्णास बसवावे, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी द्यावी आणि पाच मिनिटांत आराम न पडल्यास रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात यासाठी १०८ हा क्रमांक आहे.

भारतातील स्थिती

भारतात हृदय-पुनर्वसन केंद्रे थोडी असून ती मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. कमी साधनांत हे काम कसे करावे, याचा शोध घेणारी योग-केअर ही चाचणी देशातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर झाली व तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगाधारित कार्यक्रमामुळे मृत्यू अथवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु रुग्णांना स्वतःचे आरोग्य अधिक चांगले वाटले आणि झटक्यापूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले.