नाक चोंदले तर श्वासाचे यंत्र लावावे की नाही?

दिवाळी सरली की राहुरीकडची हवा पालटते. मुळा धरणाच्या पाण्यावरून गार वारा येतो. उसाच्या गाड्या रस्त्याला लागतात. कुणी शेतात पाचट पेटवतो, त्याचा धूर गावावर बसतो. मग घरोघरी पडसे सुरू होते. नाक गळते, नाक चोंदते, घसा खवखवतो. धडधाकट माणूस चार दिवस शिंकतो आणि बरा होतो.

पण ज्याला झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे, जो रात्री यंत्र लावून झोपतो, त्याचे काय? यंत्र नाकातून हवा देते, आणि नाकच बंद! असा माणूस वैतागतो. मास्क काढून फळीवर ठेवतो आणि म्हणतो, "पडसं गेल्यावर लावू." हे बरे की वाईट, ते आज समजून घेऊ.

आधी आजार कसा असतो ते बघा. आपल्याकडे घोरणाऱ्याला लोक हसतात. काहींना वाटते, घोरतो म्हणजे गाढ झोपला. सगळेच घोरणे वाईट नसते. पण काही माणसांचे घोरणे मध्येच थांबते. सगळे शांत होते. जवळ झोपलेली बायको दचकून उठते, हलवते, "अहो, श्वास घ्या की!" मग तो मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास ओढतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. डोके मात्र जड असते.

हे का होते? शेतात पाणी नेण्याचा सपाट, गुंडाळायचा पाइप तुम्ही पाहिला आहे. मोटर चालू असली की तो फुगून गोल होतो. पाणी बंद झाले की त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. आपला घसा थोडा तसाच आहे. जागेपणी घशाचे स्नायू त्याला उघडा धरतात. झोपेत ते सैल पडतात. कुणाची मान जाड असते, कुणाची जीभ मोठी, कुणाचा जबडा आत गेलेला. त्याचा घसा झोपेत पार मिटतो. छाती हवा ओढते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, तेव्हा कुठे घसा उघडतो.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला तर डॉक्टर तो मोजतात. तासाला ५ पेक्षा कमी वेळा अडला तर काळजी नाही. ३० पेक्षा जास्त वेळा अडला तर आजार जोरात आहे असे समजतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा! अशा माणसाची रात्र झोपेत जात नाही, झगड्यात जाते. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. आणि दिवसा तो बसल्याजागी पेंगतो. पारावर पेंगला तर लोक हसतील, इतकेच. पण उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून नगर-मनमाड रस्त्यावर ट्रॅक्टर हाकताना पेंगला तर?

या आजारावर पूर्वी घशाला भोक पाडून नळी बसवीत. १९८० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी नवी युक्ती काढली. घर झाडण्याच्या यंत्राची मोटर घेतली, ती हवा ओढण्याऐवजी फुंकेल अशी केली, आणि ती हवा रुग्णाच्या नाकात सोडली. रुग्ण रात्रभर निवांत झोपला. १९८१ साली त्यांनी ही युक्ती जगापुढे मांडली. आजच्या यंत्राला सीपॅप म्हणतात. त्यात प्राणवायूची टाकी नसते. खोलीतलीच हवा ते गाळून, थोड्या दाबाने आत ढकलते. तो दाब किती? दोन बोटांपासून वीतभर उंच पाण्याचा जेवढा असतो तेवढा. पण तेवढा टेकू घशाला पुरतो. पाइप फुगलेला राहतो.

एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. यंत्राने आजार मुळातून जात नाही. ज्या रात्री यंत्र लावले, त्या रात्रीपुरता घसा उघडा राहिला. फळीवर ठेवले की घसा पुन्हा मिटतो. आणि पडशात तर तो जास्तच मिटतो. नाक चोंदले की हवा ओढायला जोर लागतो, आणि जितका जोर लावावा तितका सैल घसा आत ओढला जातो. म्हणजे यंत्राची गरज जेव्हा सर्वांत जास्त, नेमके तेव्हाच माणूस ते काढून ठेवतो.

गायक-संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. वयाच्या ६९ व्या वर्षी, १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री ते मुंबईत वारले. झोपेत श्वास अडण्याचा आजार त्यांना होता, आणि छातीत पुन्हा पुन्हा जंतूंची लागण होत होती, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले. महिनाभर रुग्णालयात राहून ते घरी आले होते. दुसऱ्याच दिवशी प्रकृती बिघडली. श्वासाचा आजार आणि छातीचा आजार एकत्र आले म्हणजे केवढा भार पडतो, ते यावरून कळते.

आता पडशात नाकाचे काय होते ते पाहू. शेंबडाने नाक भरते असे आपण समजतो. ते अर्धेच खरे. नाकाच्या आतले नाजूक अस्तर रक्ताने फुगते, सुजते, आणि वाट अरुंद करते. म्हणून कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही. आडवे पडले की सूज आणखी वाढते. तशात यंत्राची हवा कोरडी असली तर अस्तर चिडते. तोंड उघडे पडले तर हवा नाकातून येते आणि तोंडातून निघून जाते. रात्रभर नाकातून एकाच दिशेने कोरडा वारा वाहतो. नाक अधिकच चोंदते, जीभ लाकडासारखी होते. दोष यंत्राचा नाही, कोरड्या हवेचा आहे. म्हणून उपाय दोनच दिशांनी करायचे. नाक मोकळे करायचे, आणि हवा ओली व कोमट करायची.

नाक मोकळे करायला मिठाचे पाणी उत्तम. जलनेती ही आपल्याकडची जुनीच क्रिया. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम आश्रम काढला. तिथे अशा क्रियांचा शास्त्राला धरून अभ्यास झाला. झोपण्याच्या तासभर आधी एक पेला कोमट पाणी घ्यावे, त्यात पाव ते अर्धा छोटा चमचा साधे मीठ विरघळवावे, आणि एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढावे. नाक अगदी गच्च बंद असेल, पाणी पलीकडे जातच नसेल, तर जोर करू नये.

पण पाणी कुठले? इथे फार जपायचे. विहिरीचे, कूपनलिकेचे, नळाचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नये. ते खळखळून उकळावे, उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट ठेवावे, आणि झाकून निववावे. साठलेल्या गोड्या पाण्यात एक अतिसूक्ष्म जीव असू शकतो. तो पोटात गेला तर काही करत नाही. नाकात गेला तर क्वचित मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि मग माणूस वाचणे कठीण. केरळात २०२४ आणि २०२५ साली मेंदूच्या अशाच आजाराने माणसे दगावली. हा आजार दुर्मीळ आहे. पण पाणी उकळायला किती सरपण लागते?

नाकात घालायचे थेंब दुकानात मिळतात. दहा मिनिटांत नाक उघडते, म्हणून माणसाला त्यांची चटक लागते. तीन दिवसांपलीकडे ते वापरू नयेत. पुढे थेंबांनीच नाक चोंदू लागते आणि बाटली सुटत नाही. नाक उघडण्याच्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. श्वासाच्या आजाराच्या पुष्कळ माणसांना रक्तदाब असतोच. म्हणून गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

वाफ घ्यायला हरकत नाही. भांडे खाली, स्थिर जागी ठेवा, मुले दूर ठेवा. पण वाफेची सवय यंत्रात नेऊ नका. "टाकीत थोडा बाम टाकला तर वास बरा येईल" असे सांगणारे शहाणे प्रत्येक गावात असतात. बाम, निलगिरीचे तेल, ओवा, कापूर यांतले काहीही यंत्राच्या पाण्यात टाकायचे नाही. ती वाफ रात्रभर दाबाने थेट छातीत जाते. नाकाला बाम चोळून वर मास्कही लावू नये. तेलकट बामाने मास्कची मऊ कड खराब होते आणि हवा गळू लागते.

यंत्राला जोडलेल्या पाण्याच्या छोट्या टाकीमुळे हवा कोमट व ओली होते. एरवी ती न वापरणाऱ्यांनीही पडशात वापरावी, ओलावा एक-दोन अंकांनी वाढवावा. त्यात शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणी घालावे. ते नसेल तर उकळून निवलेले चालते. सकाळी उरलेले पाणी ओतून द्यावे. नळीत पाण्याचे थेंब साठून खळखळ होऊ लागली तर ओलावा थोडा कमी करावा आणि नळी पांघरुणाखाली घ्यावी.

फक्त नाकावर बसणारा मास्क असेल, तर पडशापुरता नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क डॉक्टरांकडून मागून घ्यावा. पडसे येण्याआधीच घेऊन ठेवला तर अधिक बरे. रात्री दोन वाजता तो कुठे मिळणार? उशाला आणखी एक उशी घ्यावी, कुशीवर झोपावे. सुरुवातीला दाब कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय यंत्रात असते, ती चालू करावी. मूळ दाब मात्र आपल्या मनाने बदलू नये.

इतके करूनही मास्क सहन झाला नाही तर? दोन-तीन तास लावला तरी तेवढे तास पदरात पडले. एखाद-दुसरी रात्र अगदीच जमले नाही तर कुशीवर, डोके उंच करून झोपावे. त्या रात्री दारू घ्यायची नाही. पडशावर ब्रँडीचे दोन घोट हे औषध आपल्याकडे फार मानतात. या आजारात ते घातक आहे, कारण दारूने घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी खोकल्याची औषधे यांचेही तेच. औषध घेताना "मला झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे" हे दुकानदाराला आणि डॉक्टरांना सांगावे. सकाळी डोळ्यांवर झोप असेल तर त्या दिवशी मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती द्यावा.

काही वेळा मात्र मास्क काढलाच पाहिजे. उलटी होत असेल किंवा होईल असे वाटत असेल, तर तोंडावरचा मास्क ताबडतोब काढावा, नाहीतर उलटी छातीत जाईल. कान ठणकत असेल, कपाळ किंवा गाल फार दुखत असतील, नाकातून रक्त थांबत नसेल, तर यंत्र बंद ठेवून डॉक्टरांना विचारावे. लाईट गेली की वारा थांबतो. मोठ्या मास्कला एक झडप असते, ती उघडून बाहेरची हवा आत येते. ती झडप शेंबडाने चिकटलेली नाही ना, हे पडशाच्या दिवसांत रोज पाहावे. लाईट गेल्यावर मास्क काढून ठेवणे हेच बरे. इन्व्हर्टर असेल तर यंत्र त्यावर जोडून घ्यावे.

आणि काही वेळा घरी थांबायचेच नाही. बसल्याजागी धाप लागते, ओठ निळसर दिसतात, छातीत दुखते, माणूस बरळतो किंवा हलवूनही नीट जागा होत नाही, तर लगेच दवाखाना गाठावा. कोरोनाच्या वेळी बोटाला लावायचे छोटे यंत्र पुष्कळ घरांत आले. जागेपणी, बोट गरम असताना त्यात ९४ पेक्षा कमी आकडा येत असेल, तरी डॉक्टरांकडे जावे. सीपॅप लावले म्हणजे न्यूमोनिया बरा होतो असे नाही. जाताना यंत्र आणि मास्क बरोबर न्यावा.

लोक विचारतात, "यंत्राच्या वाऱ्यानं सर्दी छातीत उतरंल का?" यंत्र स्वच्छ असेल तर ही भीती धरू नये. पण मास्कला बारीक भोके असतात, त्यांतून रुग्णाचा श्वास जोराने बाहेर पडतो. फ्लू किंवा कोरोना असेल तर त्या वाऱ्याबरोबर जंतू खोलीभर जातात. म्हणून रुग्णाने वेगळ्या खोलीत झोपावे. घर एका खोलीचे असेल तर खिडकी उघडी ठेवावी, आणि लहान मुले व म्हातारी माणसे यांना दूर निजवावे. एकाचा मास्क दुसऱ्याने कधीच लावू नये.

आजारपणात मास्क आणि टाकी रोज साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. नळी एरवी आठवड्याने धुतात, पडशात दोन-तीन दिवसांनी धुवावी. डेटॉल, स्पिरिट, ब्लीचिंग वापरू नये. त्यांचा दर्प नळीत राहतो. नळी दोरीवर, सावलीत, दोन्ही टोके खाली करून टांगावी. उन्हात रबर तडकते. यंत्राच्या मागे हवा गाळणारी जाळी असते. पाचटाच्या धुराच्या आणि धुळीच्या दिवसांत ती लवकर काळी पडते. स्पंजाची असेल तर धुऊन पूर्ण वाळवून बसवावी, कागदाची असेल तर नवी घालावी. पडसे बरे झाल्यावर सगळे एकदा पुन्हा धुवावे, आणि यंत्र चुलीपासून व उदबत्तीपासून लांब ठेवावे.