जुना कोट, नवा रुबाब : थंडीच्या मुलखात माल विकायला जाताना



आजच्या गप्पांचा विषय आहे कपड्यांचा. बचत गटाच्या कार्यक्रमात कपड्यांचं काय, असं तुम्हाला वाटेल. पण हा विषय आमच्या गटांना चांगलाच महागात पडला होता, म्हणून तो सांगायचा आहे.

पहिल्यांदा आम्ही दिल्लीला प्रदर्शनात माल घेऊन गेलो ते जानेवारीत. निघण्याआधीच्या बैठकीत आम्ही बायांना एवढंच सांगितलं होतं, की तिकडे थंडी असते, काहीतरी गरम घ्या. झालं! कुणी शाल घेतली, कुणी चादर, कुणी नवऱ्याची बंडी. आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे शेकोटी आणि दहाला ऊन. दिल्लीत जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी ७-८ अंशांवर असतो, काही रात्री त्याच्याही खाली जातो, आणि धुकं धरलं की दुपारीसुद्धा ऊन दिसत नाही. आमच्या बाया दिवसभर स्टॉलवर चादरी गुंडाळून, कानाला टॉवेल बांधून बसल्या. हात चादरीत, तोंड झाकलेलं. ग्राहकाला बोलावणार कोण आणि पापड दाखवणार कोण?

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. दुकानदार होत्या, ज्वारीचे पापड त्यांना एकदम जास्त हवे होते. त्यांनी चादरीतल्या आमच्या ताईंकडे पाहिलं आणि विचारलं, "स्टॉलचे मालक कुठे गेलेत?" मालक ती ताईच होती. ती उठेपर्यंत, चादर सावरेपर्यंत बाई पुढच्या स्टॉलवर गेल्या. परत आल्या नाहीत. एका मावशींचा खोकला तर घरी आल्यावर महिनाभर गेला नाही. चूक बायांची नव्हती, आमची होती. "काहीतरी गरम घ्या" ही काही तयारी नव्हे.

मग पुढच्या खेपेला काय केलं? नवे कोट घ्यायचे तर प्रत्येकीचा खर्च दीड-दोन हजारांच्या घरात जात होता. आठ दिवसांच्या थंडीसाठी गटातून कर्ज काढायचं का, यावर बैठकीत बराच वाद झाला. शेवटी ठरलं, की कर्ज नाही काढायचं. पेटीतलं, घरातलं आणि जुन्या बाजारातलं धुंडाळायचं.

ऊब कशात असते?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कपडा स्वतः गरम नसतो. आपलं अंगच गरम असतं. ती ऊब बाहेर जाऊ नये म्हणून कपडा हवा धरून ठेवतो, आणि ती अडकलेली हवा आपल्याला ऊब देते. म्हणून एका जाड गोधडीपेक्षा तीन पातळ थर जास्त कामाचे.

पहिला थर अंगालगतचा. तो अंगाला बसणारा आणि कोरडा हवा. सुती कपडा घाम पितो आणि ओला राहतो, आणि ओला सुती कपडा थंडीत अंग गार करतो. म्हणून आत थर्मलचा इनर बरा. दुसरा थर लोकरीचा, हवा धरणारा. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते. तिसरा थर वारा अडवणारा, म्हणजे घट्ट विणीचा कोट किंवा अस्तर लावलेली कोटी. स्वेटर कितीही जाड असला तरी त्याच्या भोकांतून वारा शिरतो. तिसरा थर नसेल तर दुसऱ्याचा उपयोग अर्धा होतो.

जुने कपडे येतात कुठून?

सुरुवात घरच्या पेटीपासून करा. गटाच्या बैठकीला प्रत्येकीने न वापरलेला एक गरम कपडा आणायचा, असं आम्ही ठरवलं. कुणाला घट्ट झालेला स्वेटर दुसरीला नेमका बसला. एकही रुपया न लागता निम्मं काम झालं.

त्यानंतर बाजार. पुण्याला मंगळवार पेठेजवळ जुना बाजार भरतो, तिथे आम्ही कोट धुंडाळले. तुमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारातही जुन्या कपड्यांचे ढीग असतातच. आपल्या दारात भांडी घेऊन बोहारीण येते, ती जुन्या साड्या घेऊन जाते. त्या साड्या पुढे धुतल्या जातात, दुरुस्त होतात, विकल्या जातात. दिल्लीत रघुवीर नगरात घोडा मंडी नावाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटेच भरतो, तिथेही या धंद्यात बायाच पुढे आहेत. आणि पानिपत! आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. आजच्या पानिपतात परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. आपण नवी म्हणून घेतलेली ब्लँकेटंसुद्धा कधी कधी कुणाच्या जुन्या कोटाची असतात. तेव्हा जुन्याची लाज धरायचं कारण नाही.

तरी आमच्यातल्या एका मावशींनी कोट घ्यायला नकार दिला. म्हणाल्या, "कुणा मेलेल्या माणसाचा असला तर?" आम्ही आग्रह केला नाही. त्यांनी घरचंच एक घोंगडं काढलं, त्याची कोटी शिवून घेतली. ते घोंगडं त्यांच्या आईचं होतं, आई जाऊन बारा वर्षं झाली होती. आम्ही कुणी हसलो नाही. ज्याच्या अंगाला जे पटेल ते त्याने घालावं. पण कोटी सगळ्यांत देखणी तीच झाली.

ढिगातून निवडायचं कसं?

खांदा आधी बघा. बाही आखूड करता येते, कड आत घेता येते, बटणं बदलता येतात. खांदा मात्र बदलणं शिंप्यालाही अवघड जातं. शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर आली तर कोट घ्या, दंडावर लोंबली तर सोडून द्या. आत स्वेटर घालायचा आहे, म्हणून कोट स्वेटरवर घालूनच बघा आणि दोन्ही हात पुढे करून बघा. स्टॉलवर हात सारखे पुढेच करावे लागतात.

मग कपडा उजेडासमोर धरा. कसरीने खाल्लेली बारीक भोकं लगेच दिसतात. काख, गळपट्टी आणि बाहीची टोकं तपासा, मळ आणि झीज तिथे असते. काखेचा वास धुऊनही जात नाही, असा कपडा घेऊ नका.

लोकर खरी का, हेही बघता येतं. घरी आणल्यावर आतल्या शिवणीतून एक धागा काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती लवकर विझते आणि राख बोटाने चुरडते. नकली धागा वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते. नकली असला म्हणून फेकायचा नाही, फक्त तो शेगोटीजवळ आणि चुलीजवळ घालायचा नाही.

इनर, मोजे आणि आतले कपडे मात्र नवेच घ्या. तिथे काटकसर नको.

घरी आणल्यावर

जुना कपडा थेट पेटीत टाकू नका. त्यात उवा, लिखा असू शकतात. सुती कपडा कडकडीत पाण्यात भिजवून धुवा. लोकरीला गरम पाणी चालत नाही, ती आटते आणि घट्ट होते. म्हणून लोकरी कपडा प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून दोन आठवडे ठेवा. मग गार पाण्यात रिठ्याने किंवा शाम्पूने हलक्या हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने तो लांबतो.

आणि एक सांगायचं राहिलं. कपड्यात डांबराच्या गोळ्या ठेवू नका. आपण पापड-मसाला विकतो. कोटाला डांबरगोळीचा वास आला तर गिऱ्हाईक माल नाकाशी धरणारच नाही. वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवा.

रुबाब कसा आणायचा?

रुबाब म्हणजे महाग कपडा नव्हे. नीट बसणारा, स्वच्छ आणि एकमेकांना शोभणारा कपडा म्हणजे रुबाब. आम्ही एक साधा नियम केला. कोट गडद रंगाचा, काळा, निळा किंवा तपकिरी. स्वेटर साडीच्या काठाच्या रंगाचा. बाकी साडीला बोलू द्यायचं.

साडीवर स्वेटर घातला की पदर चुरगळतो, निऱ्यांचा वरचा भाग झाकतो. म्हणून स्वेटर ब्लाऊजच्या जागी घाला आणि साडी वरून नेसा. त्यासाठी पातळ, अंगाला बसणारा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर लागतो. मोठा असेल तर कापावा लागेल, पण विणलेला कपडा थेट कापला की उसवत जातो. जिथे कापायचं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी मशीनची शिलाई मारा, मग मधून कात्री चालवा.

कोट कमरेखाली वीतभर असावा. गुडघ्यापर्यंतचा कोट सगळी साडी झाकून टाकतो. पदर पाठीवर मोकळा सोडला तर कोटाच्या आत त्याचा गोळा होतो. म्हणून खांद्याला पिन लावून तो पाठीवरून उजव्या कुशीखालून पुढे घ्या आणि कमरेला खोचा. पाठीला एक थर जास्त मिळतो आणि समोर कोटाच्या उघड्या भागातून काठ दिसतो. परकराच्या आत लोकरी लेगिंग घाला. साडी बोटभर वर नेसा, दव पडलेल्या जमिनीवर काठ भिजत नाही.

कोटाची बटणं जुनी असतील तर सगळी काढून एकसारखी लावा. एवढ्याने कोट वेगळाच दिसतो. आम्ही गळपट्टीला खणाची बारीक पट्टी लावली, सगळ्यांच्या कोटाला एकच. पाच बायांचे पाच वेगळे कोट, पण पट्टीमुळे एका गटाच्या दिसल्या. घोंगड्याची किंवा झिजलेल्या सोलापुरी चादरीची कोटीही छान होते. घोंगडं टोचतं, म्हणून आतून जुन्या धोतराचं किंवा मऊ साडीचं अस्तर लावा.

पायात चप्पल नको. जाड तळाचा बंद बूट घ्या, मोजे घालून मावेल इतका सैल. घट्ट बुटात पाय जास्त गार पडतात. जुना बूट घेताना तळ एका बाजूला झिजलेला नाही ना, हे बघा.

प्रवासात

सगळ्यांत जड कपडे अंगावर घालून निघा, पिशवी हलकी राहते. स्टॉलवरचे कपडे स्वच्छ उशीच्या अभ्र्यात घालून ठेवा, गाडीत मळत नाहीत. धुक्यात गाड्या तासन् तास उशिरा येतात, तेव्हा इनर, मोजे आणि कानटोपी हाताशी असू द्या, पेटीच्या तळाला नको. इस्त्री नसेल तर पितळी तांब्यात उकळतं पाणी घेऊन साडीवर फिरवा. आपल्या आज्या हेच करत होत्या.

आता हिशेब. आमच्या एका ताईंचा असा झाला. जुना कोट १५० रुपये, स्वेटर ६०, बूट १२०, नवा इनर ३००, अस्तर, बटणं आणि दोरा ७०. एकूण ७०० रुपये. शिलाई गटातच केली. हा कोट आता गटाच्या पेटीत असतो. जी थंडीच्या गावाला जाईल ती घेऊन जाते आणि धुऊन परत ठेवते.

दुसऱ्या खेपेला काय झालं? सगळा माल संपला असं नाही, थोडा परत आणावा लागला. पण आमच्या ताई दिवसभर उभ्या होत्या, हात मोकळे होते, तोंड उघडं होतं. एका गिऱ्हाइकाने येऊन विचारलं, "मालक कोण?" ताई म्हणाल्या, "मीच. बोला, किती किलो हवंय?" त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हे वाक्य आम्हाला तीनदा सांगितलं.

मैत्रिणींनो, तुमच्या पेटीत असा कुठला कपडा पडून आहे? येत्या बैठकीला घेऊन या. बसून बघू, त्याचं काय होतं ते.