चार ट्रॅक आणि एक पिवळी स्कूटर

मुलांनो, आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राचं वय किती, सांगा पाहू! १९६४ साली त्याच्या बांधकामाला सुरुवात झाली आणि १९६९ साली तिथे वीज तयार होऊ लागली. नेमक्या त्याच वर्षांत जगभर एक नवं संगीत घुमत होतं. तीन-चार तरुण पोरं, हातात विजेवर चालणाऱ्या गिटारी, मागे ड्रम आणि जेमतेम तीन मिनिटांचं, ऐकताक्षणी ओठांवर बसणारं गाणं. याला म्हणतात पॉप, म्हणजे लोकप्रिय संगीत. इंग्लंडचे बीटल्स आणि क्लिफ रिचर्ड हे तेव्हाचे सगळ्यांचे लाडके. यातले क्लिफ रिचर्ड कुठे जन्मले, ठाऊक आहे? आपल्या लखनौला, १९४० साली! आजही काही कलाकार मुद्दाम त्या घाटाची गाणी करतात. त्याला 'रेट्रो' म्हणतात, म्हणजे जुन्या ढंगाचं.

बरं, गिटार विजेवर चालते म्हणजे काय होतं? तिच्या तारा पोलादाच्या असतात. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की गुंडाळीत इवलीशी वीज निर्माण होते. ती ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते आणि स्पीकरमधून आपल्याला सूर ऐकू येतो. गंमत बघा, तारापूरच्या जनित्रातही चुंबक आणि तारेची वेटोळी असतात. तिथे वाफेच्या जोरावर चाक फिरतं, इथे बोटाने तार छेडली जाते. तत्त्व मात्र एकच!

हे संगीत समुद्र ओलांडून गोव्यातही पोचलं, आणि तिथल्या एका मुलाला त्याने वेड लावलं. त्याचं नाव रेमो फर्नांडिस. ८ मे १९५३ रोजी पणजीत त्याचा जन्म झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १९ डिसेंबर १९६१ ला तो मुक्त झाला, तेव्हा रेमो आठ वर्षांचा होता. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनहून आलेल्या नात्यातल्या एका भावामुळे त्याने पहिल्यांदा रॉक संगीत ऐकलं होतं. मग काय, क्लिफ रिचर्ड, बीटल्स, जे मिळेल ते तो ऐकत सुटला. शाळेत दोस्तांना जमवून त्याने 'द बीट फोर' नावाचा बँडही काढला.

पुढे मुंबईत त्यांनी आर्किटेक्चरचं शिक्षण घेतलं, युरोप आणि उत्तर आफ्रिकेत गात-वाजवत भटकंती केली आणि ते गोव्याला परतले. एव्हाना त्यांची स्वतःची गाणी तयार होती. भाषा इंग्रजी, पण विषय आपल्या गोव्याचे. मुंबईच्या कॅसेट कंपन्यांनी मात्र नकार दिला. त्या काळी कंपनीने 'नाही' म्हटलं की गाणी वहीतच राहायची. कारण रेकॉर्डिंगचा मोठा स्टुडिओ, कॅसेटी बनवणं, दुकानात पोचवणं, सगळं त्यांच्याच हातात होतं.

रेमो यांनी काय केलं? शिवोली गावातल्या आपल्या घरातच रेकॉर्डिंग करायचं ठरवलं! त्यांच्याकडे चार ट्रॅकचं एक छोटं कॅसेट यंत्र होतं. ट्रॅक म्हणजे काय, ते आपल्याला रेल्वेवरून चटकन कळेल. विरारहून चर्चगेटकडे जाताना शेजारी शेजारी चार मार्ग दिसतात ना? एकावर एक गाडी, दुसऱ्यावर दुसरी. कॅसेटची फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद. तिच्यावर हे यंत्र असेच चार मार्ग आखतं. पहिल्यावर ताल भरायचा. मग तो ऐकत ऐकत दुसऱ्यावर गिटार वाजवायची, तिसऱ्यावर गायचं आणि चौथ्यावर आणखी काही. शेवटी चारही एकदम वाजवले की एकटा माणूस अख्खा बँड होतो.

तुम्ही म्हणाल, चारच? पण बीटल्सनी १९६७ साली काढलेला 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा जगप्रसिद्ध अल्बमसुद्धा चार ट्रॅकच्या यंत्रांवरच झालाय, बरं का! मार्ग भरले की ते आधीचे आवाज एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एका मार्गावर उतरवायचे, म्हणजे बाकीचे मोकळे मिळत. यात धोका एकच. भेळ एकदा कालवली की शेव आणि कांदा वेगळे काढता येत नाहीत. तसंच या आवाजांचं. म्हणून आधी नीट विचार करायचा, मग वाजवायचं.

रेमो यांची ती पहिली कॅसेट १९८४ साली आली. नाव 'गोअन क्रेझी', म्हणजे 'वेडा गोंयकार' म्हणा ना! गाणी त्यांची, चाली त्यांच्या, सगळी वाद्यं वाजवली त्यांनी, सगळे आवाज त्यांचे, कव्हरही त्यांनीच काढलं. आणि विकली कशी? आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घेऊन ते गोव्यातल्या दुकानांत स्वतः फिरले. खपल्या नसत्या तर नुकसान त्यांचं एकट्याचं होतं, आणि हसणारेही कमी नसते. पण गोव्याने ती कॅसेट उचलून धरली. पुढे १९८७ सालच्या 'जलवा' आणि १९९५ सालच्या 'बॉम्बे' या चित्रपटांतून त्यांचा आवाज देशभर गेला. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या पालघर-बोईसरकडे वळू. आई-बाबा कारखान्यात पाळीवर, घर दोन खोल्यांचं, इथे कुठला आलाय स्टुडिओ, असं तुम्हाला वाटेल. पण आज साध्या मोबाइलमध्येही चारच्या कितीतरी पट ट्रॅक मावतात. यंत्राची अडचण राहिलेली नाही. मग अडतं कुठे? आपण दुसऱ्याचंच गाणं हुबेहूब म्हणत बसतो, तिथे! रेमो यांनी ढंग परदेशी घेतला, पण सांगितलं ते आपल्या गावाबद्दल. म्हणून ते त्यांचं झालं.

आपल्याकडे तर वाद्यसुद्धा आपलं आहे. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून घडणारा वारली लोकांचा तारपा! जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा स्वतः बनवतात आणि स्वतःच वाजवतात. २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे तरी कुठे स्टुडिओ होता?

करून पाहा : दोन मोबाइल घ्या (घरच्यांना विचारूनच!). पहिल्यावर डब्यावर धरलेला ताल रेकॉर्ड करा. तो वाजू द्या आणि त्याच्याजवळ बसून गा. हे सगळं दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. आता दुसरा वाजवा, टाळ्या किंवा बासरी जोडा आणि पहिल्यावर भरा. प्रत्येक वेळी ताल थोडा मागे जातो, खरखर थोडी वाढते. बीटल्सना नेमका हाच त्रास व्हायचा! फक्त अट एक, शब्द तुमचे हवेत. सातपाटीची मासळी, सकाळची गर्दीची गाडी, शाळेतला फळा, विषय कमी आहेत का?

आणि पालकहो, डबा बडवण्याचा आवाज आला तर लगेच ओरडू नका. आधी दोन मिनिटं ऐका, आणि दुसरा मोबाइल मागितला तर द्या!