लालीची वाट बघताना

पहाटे साडेपाच. हिमाचलमधल्या थानेधारच्या उतारावरून खाली सतलजचं खोरं ढगाने भरलेलं दिसतं. ज्यांच्या घरी मी उतरलो आहे ते बागवान चहाआधी ओसरीतला तापमापक बघतात. रात्री पारा १९ अंशांच्या खाली उतरलाच नाही. ऑगस्टमध्ये त्यांना याचीच धास्ती असते. सफरचंदाची लाली म्हणजे सालीतलं अँथोसायनिन. त्याला ऊन हवं, तशी गार रात्रही हवी. रात्र उबदार गेली की हे रंगद्रव्य कमी बनतं आणि फळ श्वसनात स्वतःचीच साखर जास्त खर्च करतं.

सहाला तुडान, म्हणजे तोडणी, सुरू होते. मजूर पाठीवर किल्टे, म्हणजे टोपल्या, बांधून वरच्या ओळींत शिरतात. फळ ओढायचं नाही; तळहातात धरून वर उचलायचं, देठासकट सुटतं. घाई उन्हासाठी असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की फळाचं श्वसन साधारण दुप्पट होतं. दुपारी तापलेलं फळ पेटीत गेलं तर ती ऊबही त्याच्याबरोबर प्रवासाला निघते.

साडेनऊच्या सुमारास आम्ही खालच्या ओळींकडे उतरतो. सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६च्या सुमारास अमेरिकेतून आणून याच भागात लावलेल्या डिलिशियस जातीचा वंश इथे अजून आहे. फळं भरली आहेत, पण अंगावर हिरवट पिवळेपणा आणि एका गालावर फिकट तांबूस पट्टे. पोरं म्हणतात, अजून कच्चं आहे. बागवान एक फळ आडवं कापतात आणि काप आयोडीनच्या द्रावणात बुडवतात. जिथे स्टार्च उरलाय तिथे काप काळानिळा होतो, जिथे त्याची साखर झाली तिथे पांढुरकाच राहतो. गाभ्यापासून बाहेर बराच भाग पांढुरका आहे. फळ आतून तयार झालंय, फक्त लाल झालेलं नाही.

उष्णतेचं खरं नुकसान मला इथे दिसतं. पिकणं आणि रंगणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. गार हवेत त्या बरोबरीने चालतात. उकाड्यात गर मऊ होत राहतो, लाली मात्र अडते. बागवान रंगासाठी आठवडाभर थांबला तर फळ भुसभुशीत होतं, शीतगृहात टिकत नाही. लवकर लाली यावी म्हणून काही जण इथेफॉन हे रसायन फवारतात. त्याने पिकणंही पुढे पळतं, म्हणजे मूळ दुखणं वाढतंच.

दुपारी एक. चार दिवसांच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलंय, आणि ढगाळ हवेला सरावलेल्या सालीला हे ऊन सर्वात वाईट. उन्हाकडच्या बाजूला साल हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापू शकते. ती ४६ अंशांच्या पुढे गेली की पिवळट तपकिरी डाग उमटतो. ५२ अंशांवर दहा मिनिटं राहिली तर तेवढी साल मरतेच. रंगासाठी फळावरची पानं खुडलेली झाडं आधी भाजतात. गारपिटीसाठी बांधलेली जाळी ऊन सौम्य करते खरी, पण तिच्या सावलीत लाली उशिरा येते. एक बाजू सावरावी तर दुसरी सुटते. शेजारच्या बागेत म्हणूनच जेरोमाइन, सुपर चीफ अशा लवकर आणि गडद रंगणाऱ्या जाती लावल्या आहेत. त्या लालीचा प्रश्न सोडवतात. हिवाळ्यात झाडाला लागणाऱ्या थंडीच्या तासांची तूट मात्र त्यांनीही भरून निघत नाही.

चारला प्रतवारी. डाग पडलेली फळं बाजूला, आकारानुसार थर, २० किलोची पेटी. अडत्याचा फोन येतो, पहिला प्रश्न रंगाचा. गोडी किती, गर कडक आहे का, हे तो विचारत नाही, कारण वाशीच्या बाजारात आपण गिऱ्हाइकंही विचारत नाही. मला हे फार खटकतं. आपली लालभडक फळाची हौस इथल्या माणसाला तयार फळ झाडावर ताटकळत ठेवायला लावते.

रात्री नऊला हवामानाचा अंदाज येतो: आणखी तीन रात्री अशाच उबदार. जेवताना घरात वाद होतो. मुलगा म्हणतो, थांबूया, आत्ता तोडलं तर पेटीमागे भाव पडेल. वडील आयोडीनचे वाळलेले काप ताटाशेजारी मांडतात. शेवटी ठरतं: खालच्या दोन ओळी उद्या पहाटे, आहे त्या रंगात तोडायच्या आणि जवळच्या मंडीत विकायच्या, वरच्या ओळींना आठवडा द्यायचा.