पडलो तरी खेळ चालूच

शिरूरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला संगणक इतका जुना, की मोठा गेम सुरू होईपर्यंत माणूस चहा पिऊन येईल. ब्राउझरमधले छोटे गेम मात्र त्यावर सुरळीत चालतात. दुपारी गिऱ्हाईक नसतं. दौंडचा भाचा आला, की "मामा, उठा आता" म्हणत खुर्चीच बळकावतो.

त्याचा आवडता 'सेलेस्ट', म्हणजे मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी 2015 मध्ये चार दिवसांत केलेला मूळ छोटा गेम. एक मुलगी डोंगर चढते, टप्पे 30. काट्यांवर पडली की त्याच टप्प्यात लगेच पुन्हा उभी. मागची मेहनत वाया जात नाही, म्हणून वैताग न येता ईर्षा वाढते. शिवाय आत एक गोड लबाडी आहे: कडा सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य होते. आपल्याला वाटतं, आपलाच हात बसला! एवढी माया मला तरी महागड्या गेममध्ये क्वचितच दिसली.

कोड्यांची गंमत वेगळी. '2048' हा गेम 2014 मध्ये गॅब्रिएले चिरुल्ली या 19 वर्षांच्या इटालियन मुलाने बनवला. सारखे आकडे एकमेकांवर सरकवून जोडायचे, बस्स. पण प्रत्येक चालीनंतर रिकाम्या जागी कुठेही दोनचा, कधी चारचा आकडा उगवतो आणि बेत फसतो. दोष नशिबाचा की आपला, यावर आमचं मामा-भाच्याचं भांडण ठरलेलं.

घरचा जुना संगणक भंगारात घालण्याआधी हे दोन्ही गेम खेळून बघा, फुकट आहेत.