वाकळेच्या पोटातले कापड

गेल्या हिवाळ्यात मायच्या हातची वाकळ कडेने उसवली. माय जाऊन बरीच वर्षे झाली. नातू म्हणाला, ती आता काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावू. शहरातल्या प्रदर्शनांत अशा गोधड्यांना मोठी किंमत येते. मला ते पटले नाही. वाकळ ही पांघरायची वस्तू. फाटली तर ती सांधली पाहिजे. पण सांधायला बसलो तेव्हा कळले, की आपल्याला ते येत नाही. आम्ही शिकलो, कविता लिहिल्या, दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर वाद घातले. मायच्या सुईकडे मात्र कोणी पाहिले नाही. अखेर रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो आणि मायच्या बरोबरीच्या एका मावशीपुढे वाकळ टाकली. तिने जे शिकवले ते प्रथम सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्याशिवाय कळणार नाही.

आमचा भाग कापसाचा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा म्हणजे जुन्या वऱ्हाडाचाच तुकडा. पण कापूस वेचणारीच्या पांघरुणात कापूस नसे. कापूस मालकाचा. तो पिंजून भरायचा तर पिंजाऱ्याला पैसे हवेत. म्हणून वाकळेत कापसाऐवजी कापडाचेच थर असतात. याचा एक लाभ असा, की गादी धुता येत नाही, वाकळ मात्र नदीवर नेऊन धुता येते आणि खडकावर वाळवता येते.

नऊवारी लुगड्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग सव्वादोन वारांचा होतो. दोन भाग काठाला काठ जोडले की वाकळेची एक बाजू तयार. उरलेल्या दोघांची दुसरी. म्हणजे एका लुगड्यात दोन्ही अंगे निघतात. आत घालायचे कापड आधी सोड्याच्या पाण्यात उकळून धुवावे, नाहीतर ते पुढे आटते आणि वाकळ गोळा होते. झिजलेले, मऊ सुती धोतर आत घालावे. नायलॉनचे पातळ घालू नये. ते सरकते आणि घामही शोषत नाही. थर पसरताना सांध्यावर सांधा येऊ देऊ नये, नाहीतर त्या जागी सुई शिरत नाही आणि निजणाऱ्याला टोचते.

सारवलेल्या जमिनीवर थर पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मधून कडेकडे हात फिरवीत सुरकुत्या काढायच्या आणि त्याच दिशेने लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे. खरे शिवण मात्र उलट दिशेने, कडेपासून आत. बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घालीत चारी बाजूंनी फिरायचे. प्रत्येक कोपऱ्यावर ओळ काटकोनात वळवली की चौकटीत चौकट उमटत जाते. राहिलेली ढील शेवटी मध्यभागी जमते, म्हणून तेथे एक चौकोनी ठिगळ लावतात. पाहणाऱ्याला ते नक्षीचे केंद्र वाटते. शिवणारीला ठाऊक असते, की तेथे ढील दाबली आहे.

इतर ठिगळेही अशीच. पायाकडची बाजू आधी झिजते, म्हणून तेथे जाड कापडाचे चौकोन. चौकोन पुरत नसेल तर तो कर्णावर कापून दोन त्रिकोण, आणि त्रिकोण जोडून शंकरपाळी. दोऱ्याची गाठ वर दिसू देत नाहीत. ती ओढून थरांच्या आत घेतात आणि शेवटी दोन उलटे टाके मारतात. कडेला गोट हवाच, कारण वाकळ नेहमी कडेने मरते. लुगड्याचा काठ सगळ्यात चिवट. तो फाडून अर्धा वर, अर्धा खाली दुमडायचा, कोपरे लखोट्यासारखे मोडायचे आणि बारीक टाक्याने बसवायचे.

गोट काढून आत पाहिले तेव्हा मी थबकलो. मायच्या वाकळेच्या पोटात दुसरी, जुनी वाकळ होती. जुनी वाकळ नव्या वाकळेत थर म्हणून घालतात, यात नवल नव्हते. पण तिच्यात जाडेभरडे, कधी न नेसलेले पांढरे कापड होते. मावशीने ते चिमटीत धरले आणि सांगितले, "हे तुह्या आजीचं. मढ्यावरचं हाये."

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी प्रेतांची वस्त्रे नेमून दिली आहेत. महाराच्या बलुत्यात मढ्यावरचे कापड हा 'हक्क' म्हणून मोजला जाई. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळण्यात आला आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. कापड जात सांगते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरानेही ते कापड घेणे बंद केले. मग हे आत कसे?

मावशी म्हणाली, "मंग तुह्या मायनं नवं मढ्यावरचं फडकं घरात येऊ देलं नाही. पन जुनं फेकंन कशी? लेकरं काकडली असती ना."

मायने ते जाळले नाही, आणि वरही येऊ दिले नाही. वर स्वतःच्या मजुरीच्या पैशांचे लुगडे, आत आजीचे दिवस. आमचे समीक्षक ठिगळाकडे दारिद्र्याची खूण म्हणून पाहतात आणि प्रदर्शनवाले नक्षी म्हणून. दोघेही वरची बाजूच पाहतात. वाकळेत काय कोठे घालायचे याचा एक निर्णय असतो आणि तो घेणारी स्त्री विचार करीत असते, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

हे आपल्यापुरतेच नाही. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशज असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे 'फूल' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामातील जीज बेंड येथे गुलामांच्या लेकीसुनांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या वाकळा शिवल्या. २००२ साली त्या कलासंग्रहालयात लागल्या आणि २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. १९७२ मध्ये आपण काळ्या पँथरांचे नाव घेतले. त्यांच्या आयांच्या सुईपर्यंत मात्र आपली चर्चा पोहोचली नाही. मान मिळाला तो चांगलाच. पण भिंतीवर टांगलेल्या वाकळेची आतली बाजू कोणालाच दिसत नाही, आणि शिवणारीचे ज्ञान तिच्याबरोबरच जाते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायांजवळ बसा. कोणते कापड कोठून आले, ते वर का किंवा आत का, हे विचारा आणि लिहून ठेवा. टाकाही शिका, तो पुरुषाच्या हातालाही येतो.

ते पांढरे कापड मी जेथे होते तेथेच ठेवले. वरून नवा गोट लावला. माझे टाके वाकडे आहेत, मायच्या ओळींशेजारी ते लगेच ओळखू येतात. नातू पाहत बसला होता. पाचव्या ओळीला त्याने सुई मागून घेतली.